वन्संचा उजवा पाय

आमच्या घरात कुणाला किती राग आलाय हे ओळखायच्या दोन तऱ्हा आहेत. सासूबाईंचा राग कानांनी ओळखायचा, आणि वन्संचा डोळ्यांनी, तोही खाली जमिनीकडे बघून. सासूबाई चिडल्या की कोपऱ्यावरच्या फळवाल्यालाही कळतं. वन्सं चिडल्या की त्यांचा उजवा पाय हळूच पुढे सरकतो, टाच टेकते आणि पंजा फरशीवर दाबला जातो. चेहरा मात्र जसाच्या तसा, आत्ताच थंड पाण्याने धुऊन आल्यासारखा.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्याच घरात, जिन्यालगतच्या खोलीत राहतात आणि लोकांना गाडी चालवायला शिकवतात. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून शिकवतायत. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी तीन पेडलं असतात आणि शेजारी बसलेल्या वन्संच्या पायाशी आणखी दोन, क्लच आणि ब्रेक. समोरचा गडबडला तर यांनी आपल्या बाजूने ब्रेक दाबायचा. इतकी वर्षं त्या जागेवर बसून त्यांचा उजवा पाय त्यांच्या ताब्यातून सुटून स्वतंत्र झालाय. सिनेमात कड्याच्या दिशेने गाडी निघाली की वन्सं पुढच्या खुर्चीच्या पाठीला ब्रेक लावतात, आणि पुढचा प्रेक्षक वळून बघतो. बसमध्येही ड्रायव्हरच्या आधी याच थांबतात. घरात त्यांची एक ठरलेली खुर्ची आहे. तिच्यासमोर सतरंजीला तेवढ्याच जागी टक्कल पडलंय.

पण गंमत अशी की शिकणाऱ्याच्या चुकीचा त्यांना कधी रागच येत नाही. कुणी गिअर टाकताना गाडीचा जीव जाईल असा आवाज काढला, कुणी आरशात रस्त्याऐवजी स्वतःचे केस बघितले, तरी वन्सं म्हणणार, "असू दे. पुन्हा करू." त्यांच्या शाळेत एक गृहस्थ शिकवतात, त्यांना सगळे भोंगा म्हणतात. त्यांच्या गाडीच्या काचा बंद असल्या तरी शिकवणं फुटपाथवर ऐकू येतं. भोंग्याकडून रडवेले होऊन आलेले लोक शेवटी वन्संच्या गाडीत बसतात. वन्सं त्यांना पहिल्या दिवशी सांगतात, "माझ्या गाडीत राग बसवत नाही. त्याला सीटबेल्ट लागत नाही."

सासूबाईंना हे मुळीच पटत नाही. त्यांचं म्हणणं, राग आला की बाहेर टाकावा. पोटात ठेवून काय त्याचं लोणचं घालायचंय? आणि त्या बोलतात तसं वागतात. सकाळी नळाला पाणी कमी आलं तर नळावर, नळ बसवणाऱ्यावर, त्याला आणणाऱ्या माझ्या नवऱ्यावर आणि नवऱ्याला जन्म देणाऱ्या स्वतःवर, अशा क्रमाने त्या ओरडून घेतात, आणि मग अगदी मोकळ्या, ताज्यातवान्या होऊन विचारतात, "चहा घेणार का?" आपण अजून पहिल्या वाक्यात अडकलेलो असतो आणि त्या कपात साखर घालत असतात.

मी या दोघींच्या मधे राहते. जेवणाच्या टेबलावरही माझी खुर्ची मधलीच. एका कानाने गडगडाट ऐकायचा आणि टेबलाखाली एक पाय हळूच दाबला जाताना बघायचा, हा माझा रोजचा संसार. यातलं बरोबर कुणाचं, हे मला कुणी विचारलं असतं तर मी भाजी वाढायला उठून गेले असते.

मग आमच्या गाडीत इस्त्रीवाली आली.

आमच्या गाडीत म्हणायचं कारण मीही तेव्हा शिकत होते. वन्संची पद्धत अशी की दोघांना एकाच वेळी घेऊन निघायचं. एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे बसून बघायचं, मग अदलाबदल. दुसऱ्याच्या चुका बघून माणूस फुकटात शिकतो असं त्या म्हणतात. इस्त्रीवाली मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी, गाऊन, पडदे यांना इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहायचं. वाफ तिच्या छातीत जाऊन बसली होती. दोन वाक्यं बोलली की खोकायची आणि खोकून झालं की माफी मागायची. इस्पितळातल्याच डॉक्टरने तिला सांगितलं होतं, या वाफेतून बाहेर पड, दुसरं औषध माझ्याकडे नाही. आणि योग असा की कपड्यांचे गठ्ठे गावाबाहेरच्या दुसऱ्या इस्पितळात नेणारी जी व्हॅन होती, तिचा म्हातारा ड्रायव्हर निवृत्त होत होता. धुलाईघरातल्या मुख्य बाईंनी इस्त्रीवालीला शब्द दिला होता, तो जायच्या आत परवाना आणून दाखव, जागा तुझी. नाहीतर बाहेरचा माणूस घ्यावा लागेल.

ती शिकली मात्र अशी की बघत राहावं. गाडी मागे घेऊन दोन गाड्यांच्या मधे लावायची, ज्याच्या नुसत्या नावाने मला घाम फुटायचा, ते ती चादरीची कड कडेला जुळवावी तसं करायची. हातांवर भाजल्याचे लहान लहान डाग. पण तेच हात स्टिअरिंगवर आले की घाई नाही, थरथर नाही. वन्सं मागे वळून मला म्हणायच्या, "बघितलंस?" मी म्हणायचे, "बघितलं." आणि माझी पाळी आली की कठड्यावर चाक चढवायचे.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षेची रीत सांगायला हवी. शिकणारा चालवतो, शिकवणारा नेहमीसारखा शेजारी बसतो आणि परीक्षक मागे. एरवी शिकवणाऱ्याचा ब्रेक गुपचूप काम करतो. पण परीक्षेच्या दिवशी एक कळ चालू करतात, मग शिकवणाऱ्याचं पेडल दाबलं गेलं की बझर वाजतो. बझर वाजला म्हणजे शिकवणाऱ्याला मधे पडावं लागलं, म्हणजे शिकणारा नापास. तिथे दादफिर्याद नाही.

आमच्या नशिबी आलेल्या परीक्षकांना शाळेतले सगळे मिळून खवट साहेब म्हणत. मागच्या सीटवर मी आणि ते शेजारी शेजारी बसलो, मधे त्यांची बॅग. गाडी सुरू व्हायच्या आत त्यांनी इस्त्रीवालीला काम काय करता म्हणून विचारलं. तिने सांगितलं. झालं, त्यांना विषय मिळाला.

पहिल्या वळणावर म्हणाले, "स्टिअरिंग आहे बाई, इस्त्री नव्हे. दाबू नका." ती दाबत नव्हती. चौकात म्हणाले, "सावकाश. चादरी कुठे पळून जात नाहीत." तिने आरशात बघितलं, हात दिला, वळली, सगळं ठीक. माझ्या जागेवरून मला तिरके वन्संचे पाय गुडघ्यापर्यंत दिसत होते. उजवा पाय पुढे सरकला होता. मला बोलायचं होतं, पण मागे बसलेल्या उमेदवाराने तोंड उघडायची सोय नसते. गाडी चढावर आली. इस्त्रीवालीला खोकला आला, तरीही तिने क्लच सोडला नाही की गाडी मागे जाऊ दिली नाही. आणि साहेब माझ्याकडे वळून, जणू आम्ही दोघं एका पंगतीतले, म्हणाले, "आता धुलाईघरातल्यांनाही गाड्या द्यायच्या. उद्या झाडूवाल्या विमानं मागतील."

बझर वाजला.

मोकळा रस्ता, पुढे मागे कुणी नाही. गाडीला नाजूकसा झटका बसून ती हळू झाली आणि बझर आपला वाजतोय. इस्त्रीवालीने घाबरून आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग वन्संकडे. वन्सं स्वतःच्या बुटाकडे बघत होत्या, दुसऱ्याच कुणाचा पाय तिथे येऊन पडल्यासारख्या.

त्यांनी पाय उचलला. बझर थांबला. त्या मागे वळून म्हणाल्या, "साहेब, ब्रेक माझ्याकडून दाबला गेला. तिची काही चूक नव्हती." साहेब लिहिता लिहिता म्हणाले, सगळे शिक्षक हेच सांगतात, आपल्या माणसाला वाचवायला. आणि शिक्का मारला.

त्यानंतर माझी परीक्षा झाली. मला नापास व्हायला बझरची गरज पडली नाही. कठडा पुरला.

परत येताना इस्त्रीवाली माझ्या शेजारी मागे बसली होती. रडली नाही. उलट तीच वन्संना म्हणाली, "ताई, मी नक्की काहीतरी चुकले असणार. उगीच का तुमचा पाय जाईल?" ते ऐकून वन्संनी गाडी बाजूला घेतली. त्या क्षणी तो बझर मला परत ऐकू आला, इतका त्यांचा पाय दाबलेला होता. मग गाडी वळवून परवान्याच्या कचेरीत जाऊन त्यांनी पुढची तारीख मागितली. एकच शिल्लक होती, म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या निरोपाच्या आदल्या दिवसाची. परीक्षक तेच.

घरी सासूबाई दारातच उभ्या. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तू त्याला काय म्हणालीस? जसंच्या तसं म्हणून दाखव."

वन्संनी म्हणून दाखवलं.

"या आवाजात तू मला दूध आलंय म्हणून सांगतेस," सासूबाई म्हणाल्या. "त्याने का विश्वास ठेवावा?"

वन्सं खुर्चीत बसल्या. पाय टकलावर गेला. मग म्हणाल्या, "आई, मला त्याचा राग आला होता. भयंकर राग आला होता. आणि तो तिला भोवला." आवाज तोच, दुधाचा. पण सासूबाईंनी पदर खोचल्यागत कंबरेवर हात ठेवले. म्हणाल्या, आता मी शिकवते. इतकी वर्षं लोकांना शिकवलंस, आता तू शीक.

अशी आमच्या बैठकीच्या खोलीत रागाची शिकवणी सुरू झाली. मला खवट साहेब केलं. मांडीवर उशी घेऊन, तीच माझी बॅग, मी वन्संच्या मागे स्टुलावर बसले. सासूबाई समोर उभ्या, हातात उलथनं. मी म्हटलं, "स्टिअरिंग आहे बाई, इस्त्री नव्हे."

वन्सं म्हणाल्या, "कृपया असं बोलू नका."

"कृपया काढ," सासूबाई.

"असं बोलू नका."

"पोटातून. तो तुझा जावई नाही."

"असं बोलू नका, प्लीज."

"हे प्लीज कुठून आलं? आत्ता तर एक बाहेर काढलं होतं."

माझा नवरा वर्तमानपत्राआड हसत होता. सासूबाईंनी त्याच्यावर ओरडून दाखवलं, नमुना म्हणून, आणि नमुना इतका अस्सल होता की तो उठून आतच गेला. वन्सं पुन्हा पुन्हा करून बघत होत्या. घाम आला होता. माझं लक्ष मात्र सारखं खाली जात होतं. दर वेळी मी टोमणा मारला की आधी पाय दाबला जायचा आणि मग आवाज निघायचा, आणि पाय जितका खोल तितका आवाज बारीक. सगळा राग तिकडून निघून जात होता. तोंडापर्यंत यायला काही उरतच नव्हतं.

मी म्हटलं, "वन्सं, पाय वर घ्या."

"म्हणजे?"

"दोन्ही पाय खुर्चीवर घ्या. मांडी घाला."

त्यांनी घातली. आणि इतक्या अवघडून बसल्या, जणू कुणीतरी हातातली पिशवी काढून घेतलीय आणि आता हातांचं काय करावं कळत नाही. मी टोमणा मारणार, इतक्यात सासूबाईंना वाटलं, आपणच जरा मदत करावी. त्या साहेबांच्या आवाजात गरजल्या, "अशा बायकांनी गाड्या कशाला चालवायच्या म्हणतो मी. ड्रायव्हरकी ती. कोण करून घेणार हिला?"

शेवटचं वाक्य साहेबांचं नव्हतंच.

वन्सं म्हणाल्या, "आई, हे तू पूर्वी म्हणाली होतीस."

"कोणतं?"

"कोण करून घेणार हिला. शिकवायचा बिल्ला मिळाला त्या दिवशी. मी तो दाखवायला इथे आले होते, तू त्या दारात होतीस."

सासूबाई म्हणाल्या की त्यांना काहीच आठवत नाही, रागात माणूस काय काय बोलतो.

"तुला नाही आठवणार," वन्सं म्हणाल्या. "तू बोललीस आणि लगेच विचारलंस, चहा घेणार का. मी घेतला. तो अजून घशात आहे. लग्न नाही झालं त्याचं मला काही नाही, मला करायचंच नव्हतं. पण मी बिल्ला हातात धरून उभी होते आणि तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. तू राग टाकतेस आणि मोकळी होतेस. तो कुणावर जाऊन पडतो, हे कधी वळून बघितलंस?"

त्या ओरडल्या नाहीत. सासूबाईंच्या निम्म्यानेही आवाज नव्हता. पण प्रत्येक शब्दाला कड होती, आणि तो जिथे जायला हवा होता तिथेच जाऊन उभा राहत होता. मी उशी घट्ट धरून बसले होते. माझ्या अंगावर काटा आला होता आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला होता, जत्रेतल्या पाळण्यात वर जाताना होतो तसा, भीतीच्या पोटातला.

सासूबाईंनी उलथनं खाली ठेवलं. मग विचारलं, "तेव्हाच का नाही बोललीस?"

"पाय दाबून बसले होते."

सासूबाई खाली वाकल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी सतरंजीवर बसल्या आणि त्या टकलावरून हात फिरवायला लागल्या. बराच वेळ फिरवला. मग वर न बघता म्हणाल्या, "बिल्ला आहे का अजून?"

वन्सं खोलीतून घेऊन आल्या. सासूबाईंनी तो दिव्याखाली धरून, चष्मा वर खाली करून नीट बघितला. वन्संचा तरुण फोटो होता त्यावर. "छान आलाय फोटो," म्हणाल्या. आणि परत देताना, "त्या खवटाला असंच बोल. एक शब्द कमी करू नकोस. मी आज चहा विचारत नाही, तूच कर आणि मला दे."

दुसरी परीक्षा. सकाळ लख्ख होती. इस्त्रीवाली चालवायला बसली, शेजारी वन्सं, मागे मी, बॅग, आणि साहेब. वन्संनी मला सांगून ठेवलं होतं, चालत्या गाडीत पाय वर घेणार नाही, कधीच नाही, ती माझ्या कामाशी बेइमानी होईल. मग बोलणार कशा, हे मी विचारलं, तर म्हणाल्या, बघू.

पहिला चौक निघाला. दुसरा निघाला. साहेब गप्प. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात मुलांच्या शाळेपाशी इस्त्रीवालीने रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यासाठी गाडी थांबवली, नीट, पट्ट्याच्या अलीकडे, आणि साहेब म्हणाले, "आलात परत? वाफ कमी पडली वाटतं तिकडे. हात बघा, स्टिअरिंगनेही भाजाल."

मी खाली बघितलं. उजवा पाय निघाला होता. टाच टेकली. पंजा पेडलच्या अगदी जवळ.

वन्सं म्हणाल्या, "पुढे जागा बघून गाडी बाजूला घ्या."

परीक्षेत असं शिक्षकाने सांगायचं नसतं. साहेब "काय?" म्हणाले, पण इस्त्रीवालीने ऐकलं ते वन्संचं. तिने आरसा बघितला, इंडिकेटर दिला, मान वळवून बघितलं, आणि गाडी कडेला अशी आणून लावली की चाक आणि कठडा यांच्यात हात मावेल. हँडब्रेक ओढला. मग वन्संनी बूट काढले, शांतपणे, एकापाठोपाठ एक. दोन्ही पाय सीटवर घेतले, मांडी घातली आणि मागे वळल्या.

"साहेब, गाडी उभी आहे. हँडब्रेक ओढलाय. आता मी बोलते," त्या म्हणाल्या. "मला तुमचा राग आलाय. मागच्या वेळीही आला होता. तेव्हा मी तो पायाने दाबला, आणि ही नापास झाली. तिची काही चूक असेल तर सांगा, मी तिला पहिल्यापासून शिकवीन. पण तिच्या कामाबद्दल आणि हातांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. उद्या आपण दोघं इस्पितळात पडलो तर तिच्या हातच्या चादरीवर पडणार आहोत."

साहेबांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, रस्त्यावर लोक याहून वाईट बोलतात, ड्रायव्हर डगमगतो का ते मी बघतो.

"रस्त्यावरच्या लोकांकडे नापासाचा शिक्का नसतो. तुमच्याकडे आहे, म्हणून ती ऐकून घेते."

"मी तुमची तक्रार करू शकतो."

"करा. माझा नंबर गाडीवरच लिहिलाय. पण आधी हिची परीक्षा पुरी करा."

इंडिकेटर टिकटिक करत होता. इस्त्रीवाली समोर काचेकडे बघत होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी पडलेली. तिची व्हॅन, तिची छाती, सगळं त्या टिकटिकीत लोंबकळत होतं, आणि लोंबकळत ठेवलं होतं वन्संनीच. वन्संनाही ते कळत होतं. त्यांचे कान लाल झाले होते. पण नजर खाली गेली नाही.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "पुढे चला," म्हणाले. "दुसऱ्या वळणावर आत."

आवाज अगदी साधा होता. वन्संनी पाय खाली घेतले, बूट घातले. गाडी निघाली. आणि वळणावरून आत शिरतो न शिरतो तोच उभ्या असलेल्या मालट्रकचं दार धाडकन रस्त्यात उघडलं.

गाडी थांबली. जागच्या जागी, तरी कुणाचं डोकं पुढे गेलं नाही. ट्रकवाला खाली उडी मारता मारता आम्हाला बघून दारालाच लोंबकळला. गाडीत आम्ही चौघं कान देऊन बसलो होतो. बझरची वाट बघत.

बझर वाजला नाही.

मी वाकून बघितलं. वन्संचा उजवा पाय पेडलच्या वर तयार होता, पण हवेत, कागदभर अंतरावर. त्या पायाला पहिल्यांदाच काही काम उरलं नव्हतं. ब्रेक लावला होता इस्त्रीवालीने. तिने खोकून घेतलं, माफी मागितली नाही, आरसा बघितला आणि ट्रकला वळसा घालून पुढे निघाली.

कचेरीसमोर उतरल्यावर साहेबांनी तिच्या हातात कागद दिला. पास. ती तो दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, मग सवयीने त्याची चुणी अंगठ्याने सरळ करायला लागली. साहेब वन्संकडे वळले. म्हणाले, "त्या दिवशी ब्रेक खरंच तुम्ही रागाने दाबला होता?"

"सांगितलं होतं तुम्हाला."

"तसं वाटलं नाही."

"हो. तो दोष माझ्या आवाजाचा," वन्सं म्हणाल्या. "टोमण्यांचा दोष तुमचा."

साहेबांची मान हलली, होकारार्थी की मानेला रग लागली म्हणून, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तक्रार काही आली नाही. माझ्या परीक्षेत ते एवढंच म्हणाले, "चाक कठड्याला लागलं. मागे घ्यायचा सराव करा." टोमणा नाही, काही नाही. इतक्या सभ्यपणे मी आयुष्यात कधी नापास झाले नव्हते.

आता इस्पितळाची व्हॅन सकाळी आमच्या रस्त्याने जाते. काच खाली, इस्त्रीवालीचं कोपर बाहेर. ती हॉर्न वाजवत नाही, इथे शांतता राखायची पाटी आहे. नुसती दिव्यांची उघडझाप करते. सासूबाई खिडकीतून उलथनं हलवून उत्तर देतात.

आणि घरात? सासूबाई ओरडायच्या थांबल्या असं कुणी समजू नये. परवाच माझ्या नवऱ्याने ओला टॉवेल पलंगावर टाकला. सासूबाई टॉवेलपासून सुरू झाल्या, पलंगावर आल्या, तिथून त्याच्या शाळेतल्या मार्कांवर आणि मग त्याच्या एकूण आयुष्यात काय झालं नाही यावर निघाल्या. आवाज चढत गेला. फळवाल्याने मान वर केली असणार. मी सवयीने सतरंजीकडे बघितलं. टकलावर पाय नव्हता. वन्संनी चपला काढल्या होत्या, दोन्ही पाय खुर्चीवर घेतले होते आणि त्या मांडी घालत होत्या.

सासूबाईंनी ते बघितलं. वाक्य तोंडातच थांबलं. लेकीकडे बघितलं, लेकाकडे बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "नुसतं टॉवेलचंच बोलते."